विमान कंपन्या आणि विमानतळांची तुलना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकच कंपनी, एकच मार्ग, एकच महिना. एक जण सांगतो, "फुकट तिकीट दिलं तरी पुन्हा जाणार नाही." दुसरा म्हणतो, "मला तर काहीच त्रास झाला नाही, उलट छान झोप लागली." दोघंही खरंच बोलत असतात. तिकीट काढण्याआधी अशी उलटसुलट मतं कानावर पडून ज्यांचा गोंधळ उडतो, त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

एकाच कंपनीबद्दल इतकी टोकाची मतं कशी काय?

तिकिटावर नाव कंपनीचं असतं, पण तुम्ही बसता ते एका ठरावीक विमानात. एकाच कंपनीकडे पंधरा वर्षं जुनं विमान असतं आणि गेल्या महिन्यात कारखान्यातून आलेलंही असतं. दोन्हींवर रंग तोच, गणवेश तोच, आतला अनुभव मात्र दोन वेगळ्या कंपन्यांचा वाटावा इतका निराळा.

बोइंग ७७७ घ्या. या विमानात इकॉनॉमीच्या एका ओळीत पूर्वी बहुतेक कंपन्या नऊ सीट बसवत. आता बऱ्याच ठिकाणी तीन-चार-तीन अशा दहा असतात. विमानाची रुंदी तेवढीच राहिली, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याची जागा कमी झाली. बोइंगच्याच ७८७ ची गोष्ट तशीच. बहुतेक कंपन्यांनी त्यात तीन-तीन-तीन अशी मांडणी केली, जपान एअरलाइन्सने मात्र आपल्या आंतरराष्ट्रीय ७८७ मध्ये दोन-चार-दोन ठेवली. त्यामुळे "७८७ ऐसपैस आहे" आणि "७८७ मध्ये खांदे घासतात" ही दोन्ही विधानं खरी असू शकतात.

म्हणून कोणी कंपनीची स्तुती किंवा निंदा करू लागलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: विमान कोणतं होतं? दहापैकी सात जणांना ते आठवत नाही. मग त्या मताचं वजन मी तिथेच निम्मं करतो.

तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्याच कंपनीचं निघालं. ही फसवणूक आहे का?

फसवणूक नाही. याला कोडशेअर म्हणतात. एक कंपनी विमान उडवते आणि तिच्या भागीदार कंपन्या त्याच विमानातल्या जागा आपापल्या क्रमांकाने विकतात. एकाच विमानाला चार-पाच फ्लाइट क्रमांक असणं ही रोजची गोष्ट आहे. आरक्षण करताना "प्रत्यक्ष उड्डाण अमुक कंपनीचं" अशी एक बारीक ओळ असते, ती वाचायची. सीट, जेवण आणि कर्मचारी त्या दुसऱ्या कंपनीचे असतात. पुष्कळदा सामानाचे नियमही तिचेच लागू होतात.

याहून चकवणारा प्रकार म्हणजे भाड्याचं विमान. आपलं विमान दुरुस्तीला गेलं किंवा गर्दीच्या हंगामात विमानं कमी पडली, की कंपनी दुसऱ्या कोणाकडून विमान आणि कर्मचारी दोन्ही भाड्याने घेते. हे अनेकदा उशिरा ठरतं आणि प्रवाशाला ते पांढरंफटक विमान समोर उभं राहिल्यावरच कळतं. अशा फ्लाइटवरून त्या कंपनीच्या सीटबद्दल मत बनवण्यात अर्थ नाही.

पाय ठेवायला जागा किती, हे आकड्यांवरून कळतं का?

अर्धवट कळतं. ज्याला सीट पिच म्हणतात ते अंतर एका सीटवरच्या बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंत मोजलेलं असतं. त्यात सीटच्या पाठीची जाडीही आली. इकॉनॉमीत हे अंतर साधारण २८ ते ३२ इंच असतं आणि २८ च्या बाजूला बहुधा स्वस्त कंपन्या सापडतात. पण नव्या सीटची पाठ पातळ असते आणि मासिकं ठेवायचा खिसा गुडघ्यांजवळून उचलून वर नेलेला असतो. त्यामुळे आजच्या ३० इंचांत गुडघ्यांना पूर्वीच्या ३१ इंचांइतकी जागा मिळू शकते. बैठकही पातळ झालेली असते, ते मात्र चौथ्या तासानंतर जाणवतं.

खरं तर लोक पायांच्या जागेबद्दल जेवढं बोलतात त्याच्या निम्मंही रुंदीबद्दल बोलत नाहीत, आणि लांबच्या प्रवासात माणूस दमतो तो शेजाऱ्याच्या खांद्यामुळे. दहा सीटच्या ७७७ मध्ये सीटची रुंदी १७ इंचांच्या आसपास असते, तर नऊ सीटच्या एअरबस ए३५० मध्ये साधारण १८. एक इंच ऐकायला काहीच नाही, पण बारा तासांनी तो चांगलाच जाणवतो.

कोणती कंपनी वेळ पाळते हे कसं ठरवायचं?

आधी "वेळेवर" या शब्दाचा अर्थ पाहा. विमानवाहतुकीच्या आकडेवारीत ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोहोचलेलं विमान सहसा वेळेवर धरलं जातं. म्हणजे चौदा मिनिटं उशीर झाला तरी कागदावर उशीर शून्य. रद्द झालेल्या फ्लाइट त्या टक्केवारीत धरल्या आहेत की वगळल्या आहेत, हेही पाहावं लागतं.

दुसरी गंमत वेळापत्रकात आहे. प्रत्यक्ष हवेत एक तास लागणारा प्रवास वेळापत्रकात पावणेदोन तासांचा दाखवला जातो. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग, उतरल्यावर गेटपर्यंतचा रस्ता आणि थोडी सोयीची पोकळीही धरलेली असते. मग विमान वीस मिनिटं आधी पोहोचतं आणि प्रवासी खूश होऊन पाच तारे देतात. दोन कंपन्यांची तुलना करताना एकाच मार्गावर दोघींनी किती वेळ लावून ठेवला आहे ते शेजारी शेजारी ठेवून पाहा.

कंपनीच्या सरासरीपेक्षा मला तुमच्या फ्लाइट क्रमांकाचा गेल्या काही दिवसांचा इतिहास जास्त भरवशाचा वाटतो. विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर तो सहज दिसतो. आणि दिवसातली वेळ विसरू नका. छोट्या मार्गांवर एकच विमान सकाळपासून रात्रीपर्यंत चार-सहा फेऱ्या मारतं. पहिल्या फेरीला झालेला अर्धा तास उशीर पुढच्या फेऱ्यांच्या डोक्यावर बसत जातो. सकाळचं पहिलं विमान बहुतेक वेळा रात्रीच तिथे येऊन उभं असतं, त्याला कोणाची वाट पाहायची नसते. सकाळी सहाला उडणारा आणि रात्री नऊला उडणारा, या दोघांनी एकाच कंपनीबद्दल वाद घालणं म्हणूनच व्यर्थ आहे.

उशीर झाला, रांग लांबली, सामान आलं नाही. दोष कोणाचा?

या एका प्रश्नावर सगळ्यात जास्त चुकीचे अभिप्राय लिहिले जातात. विमानतळावर तुम्ही ज्यांच्या हाताखालून जाता ती सगळी माणसं विमान कंपनीची नसतात. इमिग्रेशन आणि कस्टम्स सरकारचं. सुरक्षा तपासणी कुठे सरकारी यंत्रणा करते, कुठे विमानतळाने नेमलेली खासगी कंपनी. सामान विमानात चढवणं-उतरवणं अनेक ठिकाणी ग्राउंड हँडलिंगचं कंत्राट घेतलेल्या तिसऱ्याच कंपनीकडे असतं, आणि चेक-इन काउंटरवर कंपनीच्या गणवेशात उभी असलेली व्यक्तीही पुष्कळदा त्याच कंत्राटदाराची असते. विमान कधी सुटायचं याची परवानगी हवाई वाहतूक नियंत्रणाकडून येते. गेट कोणतं मिळणार हे सहसा विमानतळ ठरवतं.

मी स्वतः एकदा उतरल्यावर चाळीस मिनिटं विमानातच बसून होतो आणि मनातल्या मनात कंपनीच्या नावाने खडे फोडत होतो. नंतर कळलं की आमच्या गेटवर दुसरंच विमान बिघडून अडकलं होतं आणि ते हलवायला ट्रॅक्टर मिळत नव्हता. कंपनीचा त्यात काडीचा संबंध नव्हता. तिचा दोष एवढाच, की चाळीस मिनिटांत कोणी एक वाक्य बोललं नाही. आता मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो: अडचण कोणामुळे आली, आणि अडचण आल्यावर माझ्याशी कोण कसं वागलं. पहिली नशिबावर असते. दुसरीवरून मात्र कंपनी खरोखर ओळखता येते.

जगातल्या सर्वोत्तम विमानतळांच्या याद्या किती खऱ्या?

खोट्या नसतात, पण त्या काय मोजतात ते पाहावं. लंडनच्या स्कायट्रॅक्स या मानांकन संस्थेची यादी प्रवाशांच्या मतांवर बनते. २०२४ मध्ये तिथे दोहाचा हमद विमानतळ पहिला होता, २०२५ मध्ये सिंगापूरचा चांगी. विमानतळांच्या जागतिक संघटनेचं, म्हणजे एसीआयचं सर्वेक्षण प्रवासी विमानतळावर असतानाच केलं जातं, त्यामुळे त्यात ताजेपणा अधिक असतो. सर्वांत गर्दीच्या विमानतळांची यादी हा निराळाच प्रकार. तिथे अटलांटा वर्षानुवर्षं पहिलं आहे, २०२० चा अपवाद सोडला तर. पण ती निव्वळ माणसांची मोजणी झाली, त्यावरून सेवा कशी आहे हे ठरत नाही.

यादीतला पहिला क्रमांक तुमच्या प्रवासाला उपयोगी पडेलच असं नाही. चांगीच्या ज्वेल इमारतीतला ४० मीटरचा धबधबा सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो. तो इमिग्रेशनच्या बाहेरच्या बाजूला आहे. ज्याच्या हातात दीड तासाचा थांबा आहे आणि ज्याला देशात प्रवेशाची परवानगी नाही, त्याच्यासाठी तो धबधबा फोटोतलाच.

मग विमानतळाबद्दल लोकांना नेमकं काय विचारावं?

चालावं किती लागतं. टर्मिनल बदलताना पुन्हा सुरक्षा तपासणी होते का, बस लागते का, की आतल्या आत ट्रेन आहे. सुरक्षा तपासणी कुठे आहे, हाही एक चलाख प्रश्न आहे. बहुतेक विमानतळांवर ती एकाच जागी, सुरुवातीला असते. चांगीच्या पहिल्या तीन टर्मिनलांत ती गेटजवळ होते. त्यामुळे आत शिरताना मोठी रांग दिसत नाही आणि लोक हरखून जातात, पण दुकानात घेतलेली पाण्याची बाटली गेटवर रिकामी करावी लागते आणि गेटवर जरा लवकर पोहोचावं लागतं.

आणि विमानतळ खरोखर त्या शहरात आहे का, तेही विचारा. पॅरिस-बोव्हे पॅरिसपासून साधारण ८५ किलोमीटर दूर आहे. फ्रँकफर्ट-हान फ्रँकफर्टपासून १२० च्या आसपास. तिकीट स्वस्त दिसतं ते बरेचदा याच कारणाने.

कनेक्टिंग फ्लाइटसाठी किती वेळ पुरेसा?

प्रत्येक विमानतळासाठी जोडउड्डाणाची एक किमान वेळ ठरवलेली असते आणि तिच्यापेक्षा कमी वेळाचं जोडतिकीट कंपन्या सहसा विकत नाहीत. ही वेळ म्हणजे सगळं सुरळीत झालं तर जमेल एवढीच. एखादा प्रवासी "पन्नास मिनिटांत आरामात झालं" म्हणतो तेव्हा त्याचं पहिलं विमान वेळेवर आलं होतं, तो पुढच्या ओळीत बसला होता आणि दुसरं गेट जवळ होतं, हे तो सांगत नाही. त्याच्या लक्षातही आलेलं नसतं.

मिनिटांपेक्षा महत्त्वाचं आहे ते तिकीट एक आहे की दोन. दोन्ही उड्डाणं एकाच आरक्षणात असतील आणि पहिल्याच्या उशिरामुळे दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. दोन वेगळी तिकिटं तुम्हीच जोडली असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त उशिरा आलेले प्रवासी. सामानही पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्यावं लागतं, आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. स्वस्त पडलेल्या अशा जोडणीची हौस एकदा फसली की पुरी फिटते.

देशागणिक पद्धतही बदलते. अमेरिकेत बाहेरून येताना पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं आणि सहसा सामान ताब्यात घेऊन, कस्टम्समधून काढून पुन्हा द्यावं लागतं, मग तुमचं अंतिम ठिकाण कुठलंही असो. युरोपच्या शेंगेन देशांत, म्हणजे आपसातल्या सीमांवर सहसा पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांत, पासपोर्ट पहिल्या शेंगेन विमानतळावर तपासतात, पण सामान थेट शेवटच्या ठिकाणी जातं. फ्रँकफर्टमार्गे रोमला गेलात तर पासपोर्टची तपासणी फ्रँकफर्टला, बॅग रोमला. डब्लिन आणि अबू धाबीसारख्या काही विमानतळांवर तर अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसण्याआधीच उरकतं आणि तुम्ही तिकडे देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता. "अमेरिकेत तीन तास रांगेत होतो" आणि "मी दहा मिनिटांत बाहेर" हे दोन अनुभव पुष्कळदा याच फरकातून येतात.

सामान हरवण्यात कोण पुढे?

इथे भीती वास्तवापेक्षा मोठी आहे. विमानवाहतुकीला तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सीटा या संस्थेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये दर हजार प्रवाशांमागे ६.९ बॅगांची गडबड झाली, त्याआधीच्या वर्षी ७.६. २००७ मध्ये हाच आकडा १९ च्या जवळ होता. गडबड म्हणजे हरवणंच असं नाही. यातल्या बहुतेक बॅगा उशिरा का होईना, पोहोचतात. सगळ्यात मोठं कारण म्हणजे एका विमानातून दुसऱ्यात जाताना चुकणं. म्हणजे कंपनीपेक्षा तुमचा मधला थांबा जास्त धोक्याचा. दुसऱ्या टोकाला जपानचा कान्साई विमानतळ आहे. १९९४ मध्ये सुरू झाल्यापासून आपल्या हातून एकही बॅग हरवली नसल्याचं तो सांगतो.

बॅग आली नाही तर सामानाच्या हॉलमधून बाहेर पडण्याआधी तक्रार नोंदवून पीआयआर, म्हणजे त्या तक्रारीचा नोंदक्रमांक, घ्या. "हॉटेलवर पोहोचून फोन करू" म्हणणाऱ्यांचे हाल होतात. विमान कंपन्यांची जबाबदारी ठरवणाऱ्या मॉन्ट्रियल कराराखालच्या आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग फुटली तर सात दिवसांत, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. एकवीस दिवस बॅग आलीच नाही तर ती हरवली असं मानून भरपाई मागता येते. २८ डिसेंबर २०२४ पासून ही जबाबदारी प्रवाशामागे जास्तीत जास्त १,५१९ एसडीआर इतकी आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, त्याचा भाव रोज बदलतो. ही कमाल मर्यादा आहे. तेवढी रक्कम आपोआप हातात पडते असा गैरसमज फार आहे. बॅगेत काय होतं आणि ते केवढ्याचं होतं, हे तुम्हालाच दाखवावं लागतं. बॅग देण्याआधी ती उघडून एक फोटो काढायला अर्धं मिनिट लागतं.

एका विमानतळावर चाललेली वस्तू दुसऱ्यावर काढून का घेतात?

कारण नियम त्या देशाचे आणि यंत्र त्या विमानतळाचं. २००६ मध्ये द्रवरूप स्फोटकांनी अटलांटिकपार जाणारी विमानं उडवण्याचा कट ब्रिटनमध्ये उघडकीला आला आणि तेव्हापासून १०० मिलिलीटरची मर्यादा आली. आता काही ठिकाणी बॅगेचं त्रिमित चित्र दाखवणारे सीटी स्कॅनर बसले आहेत आणि तिथे ही मर्यादा सैल झाली आहे, लॅपटॉपही बाहेर काढावा लागत नाही. पण परतीच्या किंवा मधल्या विमानतळावर जुनं यंत्र असेल तर तुमची मोठी बाटली तिथे जाणार. वाटेतल्या सगळ्यात कडक विमानतळाचा नियम धरून बॅग भरावी.

पॉवर बँकेबद्दल फार विचारलं जातं. ती चेक-इनच्या सामानात टाकायची नाही, जवळच ठेवायची. १०० वॅट-तासांपर्यंत साधारणपणे चालते, १०० ते १६० साठी कंपनीची परवानगी लागते. हिशेब सोपा आहे: मिलिअँपिअर-तास गुणिले ३.७, भागिले हजार. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची, म्हणजे ठीक. ३०,००० ची १११, म्हणजे परवानगी हवी. आकडा पुसला गेलेली पॉवर बँक तपासणीत अडकते, तेव्हा अक्षरं झिजण्याआधी ती बदला.

स्वस्त कंपनी खरंच स्वस्त पडते का?

कधी पडते, कधी नाही. मूळ भाड्यात बॅग, सीटची निवड, काउंटरवरचं चेक-इन, दूरच्या विमानतळापासून शहरापर्यंतचा प्रवास आणि तारीख बदलण्याचा खर्च मिळवा, मग तुलना करा. पाठीवरची छोटी पिशवी घेऊन फिरणाऱ्याला ती खरंच स्वस्त पडते आणि चौघांचं कुटुंब चार बॅगा घेऊन निघालं की गणित उलटतं. या दोघांचे अभिप्राय एकाच पानावर शेजारी शेजारी असतात.

उशीर किंवा रद्द झाल्यावर एकाला भरपाई मिळाली, दुसऱ्याला नाही. असं का?

कायदा प्रवाशाच्या रागाकडे पाहत नाही, विमान कुठून सुटलं आणि कोणाचं होतं ते पाहतो. युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम सर्वांत प्रसिद्ध. अंतिम ठिकाणी तीन तास किंवा जास्त उशीर झाला आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरोपर्यंत भरपाई. संघातल्या देशातून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीला तो लागू होतो. बाहेरून तिकडे येताना मात्र फक्त तिथल्या कंपन्यांना. त्यामुळे अमेरिकी कंपनीच्या विमानाने पॅरिसहून न्यूयॉर्कला जाताना तुम्हाला हा हक्क आहे, त्याच कंपनीच्या विमानाने न्यूयॉर्कहून पॅरिसला येताना नाही. जाणारा म्हणतो कंपनी प्रामाणिक, येणारा म्हणतो चोर.

"असाधारण परिस्थिती" असेल तर भरपाई टळते. खराब हवामान त्यात येतं. नेहमीचा तांत्रिक बिघाड येत नाही, असं युरोपीय न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलं आहे, तरी काउंटरवर "तांत्रिक कारण" ऐकून लोक मुकाट्याने परत फिरतात. भरपाई मिळो न मिळो, ताटकळणाऱ्या प्रवाशाच्या खाण्याची आणि रात्र काढायची वेळ आली तर राहण्याची सोय कंपनीने करायची असते.

अमेरिकेत उशिराबद्दल अशी रोख भरपाई कायद्याने मिळत नाही. पण फ्लाइट रद्द झाली, किंवा देशांतर्गत प्रवासात तीन तास आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात सहा तासांहून मोठा बदल झाला, आणि तुम्ही प्रवास नाकारला, तर पैसे परत मिळतात. व्हाउचर पुढे केलं तर ते घेण्याची सक्ती नसते.

दोन-तीन वर्षांपूर्वीचे अनुभव धरावेत का?

तारीख पाहून. २०२२ च्या उन्हाळ्यात युरोपात माणसं प्रवासाला लोटली आणि विमानतळांवर कर्मचारी नव्हते. लंडनच्या हीथ्रोने तर दिवसाला एक लाख निघणाऱ्या प्रवाशांची मर्यादा घातली होती. त्या महिन्यांतल्या तक्रारी खऱ्या आहेत, पण आजच्या हीथ्रोबद्दल त्या काही सांगत नाहीत. १९ जुलै २०२४ च्या आसपासचे अभिप्रायही तसेच. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरचे संगणक बंद पडले आणि कंपन्यांना हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले.

नवीन टर्मिनल उघडल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांतले अनुभव मी जवळजवळ बाजूलाच ठेवतो. हीथ्रोचं पाचवं टर्मिनल मार्च २००८ मध्ये सुरू झालं तेव्हा सामानाची यंत्रणा कोलमडली, शेकडो फ्लाइट रद्द झाल्या. पुढे तेच टर्मिनल प्रवाशांच्या मतांवर जगातलं सर्वोत्तम ठरलं.

इतके अभिप्राय वाचायचे तरी कसे?

एक आणि पाच तारे सोडून तीन तारे दिलेल्यांपासून सुरुवात करा. तीन तारे देणारा माणूस रागात नसतो आणि हरखलेलाही नसतो, त्याने काय आवडलं आणि काय नाही हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. "अत्यंत वाईट सेवा" यातून काहीच कळत नाही. "फ्लाइट रद्द झाल्यावर काउंटरवर दोनच माणसं होती, चार तासांनी दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा दिली, हॉटेल स्वतः शोधलं" यातून सगळं कळतं.

आईवडिलांसाठी व्हीलचेअर मागायची आहे. कोणती कंपनी चांगली?

कंपनी निवडण्याआधी मागणी बरोबर नोंदवा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. व्हीलचेअरचे तीन प्रकार असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढता येतात, आतही चालता येतं, फक्त लांब अंतर झेपत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या जमत नाहीत, पण विमानात शिरल्यावर सीटपर्यंत जाता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं. संकोचाने किंवा घाईत पहिला प्रकार निवडला जातो, आणि नेमकं विमान एरोब्रिजऐवजी दूर मैदानात उभं राहिलं की आई शिडीच्या पायथ्याशी थांबलेली असते. तिला शिडी चढता येईल का, हे तिलाच विचारा, आणि ती "येईल गं" म्हणाली तरी घरच्या जिन्यावर एकदा पाहून घ्या.

मागणी किमान ४८ तास आधी कळवावी. तक्रार कोणाकडे करायची हेही जागेवर अवलंबून असतं: युरोपीय संघात विमानतळावरच्या या मदतीची जबाबदारी विमानतळ चालवणाऱ्यांवर आहे, अमेरिकेत विमान कंपनीवर. एकाच प्रवासात जाताना आणि येताना सेवा वेगळी वाटली तर हे एक कारण असू शकतं.

विमानातलं जेवण बेचव का लागतं?

थोडा दोष स्वयंपाकाचा, बराचसा हवेचा. केबिनमधली हवा फार कोरडी असते, आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्या खाली. दाब समुद्रसपाटीपासून सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा. नाक कोरडं पडतं, मीठ आणि गोडी कमी जाणवते. ७८७ आणि ए३५० मध्ये दाब सहा हजार फुटांच्या पातळीला ठेवता येतो, म्हणून तिथे उतरल्यावर डोकं कमी जड वाटतं असं बरेच जण सांगतात.

आरामदायी कंपनी सुरक्षितही असते ना?

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. मऊ सीट आणि मोठा पडदा यावरून देखभाल कळत नाही. कंपनीने आयएटीए या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचं आयओएसए हे सुरक्षा परीक्षण पार केलं आहे का ते पाहा, आणि युरोपीय संघ २००६ पासून बंदी घातलेल्या कंपन्यांची यादी जाहीर करतो, तीही पाहा.

खिडकीची सीट घेतली आणि शेजारी नुसती भिंत निघाली. आता?

आता काही नाही, विमान सुटलेलं आहे. काही विमानांत, विशेषतः बोइंग ७३७ मध्ये, वातानुकूलनाची नळी भिंतीतून वर जाते आणि तेवढ्या जागी खिडकी बसवता येत नाही. सीटच्या ओळी आणि खिडक्या तशाही जुळत नाहीत, कारण ओळींमधलं अंतर कंपनी ठरवते आणि खिडक्यांमधलं विमान बनवणारा. पुढच्या वेळी त्याच प्रकारच्या विमानाचा सीटचा नकाशा आधी पाहा. यावेळी डोकं टेकायला भिंत मिळाली आहे, आणि ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून कोणी पडदा खाली ओढायला सांगणार नाही.